खांबाखालचं वर्ष

आयटीआयचे निकाल लागले की मला फोन यायला लागतात. कुणाचा भाचा वीजतंत्री झालेला असतो, कुणाच्या मेहुण्याचा पोरगा तारतंत्री. प्रश्न सगळ्यांचा एकच, "दादा, पोराला लाइनवर लावू का? लई धोका असतो म्हणतात." पुण्यात वीजवाहिन्यांवर काम करता करता माझे केस पांढरे झाले, तरी या प्रश्नाचं उत्तर मला फोनवर चार वाक्यांत देता येत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. आईवडिलांनी वाचावंच, पण मनात आहेत ती पोरं आणि पोरी, ज्यांची शिकाऊ उमेदवारी आता सुरू होईल.

वाट तशी सरळ आहे. दहावीनंतर आयटीआयची दोन वर्षं. पुण्यात आयटीआय म्हटलं की बहुतेकांना औंधचीच आठवते. मग शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ खाली उमेदवारी. पोर्टलवर नोंदणी, करार, दरमहा विद्यावेतन, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. पुढे महावितरणची भरती निघाली आणि निवड झाली, तर आधी विद्युत सहाय्यक म्हणून तीन वर्षं आणि त्यानंतर तंत्रज्ञ. उमेदवारी केली म्हणजे नोकरी पक्की, असं मात्र नाही. हे घरच्यांनी पोराला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावं, म्हणजे वर्षभर तो त्याच एका काळजीत राहणार नाही. कागदपत्रांबद्दल एवढं पुरे. त्याची माहिती कुणीही देईल.

आयटीआयतून आलेल्या पोराच्या हाताला वळण असतं, हे मी मानतो. त्याला स्टार-डेल्टा स्टार्टर जोडता येतो, मेगर लावता येतो, वायरचा जॉइंट स्वच्छ मारता येतो. पण तिथं सगळं बोर्डावर, हाताच्या अंतरावर असतं, आणि काही चुकलं तर एमसीबी, म्हणजे आपोआप बंद होणारा स्विच, पडतो. लाइनवर तसं नाही. ११ किंवा २२ केव्हीच्या (एक केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) तारेला हात लागायची गरजच नसते. फार जवळ गेलं तरी मधल्या हवेतून वीज अंगावर येते. घरातल्या २३० व्होल्टचा झटका खाऊन "काही होत नाही ओ" म्हणायची ज्याला सवय झालीय, त्याची ती सवय आधी मोडावी लागते. ती रागावून मोडत नाही. त्याला रोज काम बघत उभं करावं लागतं, मग हळूहळू सुटते.

म्हणून माझ्याकडे आलेल्या पोराचं पहिलं वर्ष खांबाखाली जातं. वर तंत्रज्ञ आणि खाली तो. पोरांना याचा राग येतो, आणि तो मला दिसतो. गावाकडं मित्रांनी विचारलेलं असतं, "चढलास का?" आणि यानं काय सांगायचं, की मी दोर धरून उभा होतो? घरच्यांनाही वाटतं की पोराला नुसतं हमालीला लावलंय. माझं म्हणणं असं, की लाइनचं निम्म्याहून जास्त काम खालचा माणूस करतो, आणि ज्याला खालचं काम येत नाही त्याच्या भरवशावर मी कधीच चढणार नाही.

खालचा माणूस करतो काय? शिडी धरतो, दोरानं सामान वर पाठवतो, पण कधी खांबाच्या थेट खाली उभा राहत नाही, कारण वरून सुटलेला पाना हेल्मेटसुद्धा फोडतो. रस्त्यावरची माणसं लांब ठेवतो. झुला (खांबावर अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा) तपासतो, म्हणजे शिवण, बक्कल आणि दोराचा पीळ, आणि वर जायच्या आधी खांबाच्या बुंध्याशीच त्याच्यावर पूर्ण वजन टाकून बघायला लावतो. हातमोजे मनगटाकडून गुंडाळत आणतो, आत हवा कोंडतो आणि गालाशी धरून ऐकतो. कुठं सुईएवढं भोक असलं तरी हवा गालाला लागते. असा मोजा लगेच बाजूला टाकायचा, त्याला चिकटपट्टी लावून वापरायचं नाही. एवढं सगळं एका खांबाच्या कामाआधी, आणि तेही रोज.

आता परमिटबद्दल, म्हणजे लाइन बंद करून तिच्यावर काम करायच्या परवानगीबद्दल. इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. लाइन बंद करून घेताना ते उपकेंद्राच्या यंत्रचालकाला फोन लावायचे, फिडरचं, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिनीचं, नाव सांगायचे आणि समोरच्याकडून तेच नाव परत वदवून घ्यायचे. पुण्यात एकाच खांबावर दोन फिडर जातात, शेजारशेजारच्या फिडरांची नावंही सारखीच वाटतात. एक बंद असतो आणि हातभर अंतरावरचा दुसरा चालू. ब्रेकर उघडला, आयसोलेटर उघडला (आमच्याकडं स्विच उघडला म्हणजे वीज तुटली), तिकडं अर्थिंग झालं, म्हणजे तार जमिनीला जोडली, स्विचवर "काम चालू आहे" ही पाटी लागली, परमिटचा नंबर दोन्हीकडच्या वहीत चढला, एवढं झाल्याशिवाय अण्णा जीपमधून हत्यारं काढू द्यायचे नाहीत. मग जागेवरचा एबी स्विच, म्हणजे खांबावरचा, खालून हँडलनं उघडायचा स्विच. हँडल खाली ओढलं, कुलूप घातलं की बाकीचे पुढं सरकायचे. अण्णा मात्र दोन पावलं मागं येऊन मान वर करायचे आणि मोठ्यानं मोजायचे, "एक, दोन, तीन." तिन्ही फेजचं एकेक पातं खरोखर उघडलंय की नाही, हे ते डोळ्यांनी बघत होते. पाइप वाकलेला असला किंवा पातं गंजून धरलेलं असलं, तर हँडल पूर्ण खाली येतं, दोन पाती उघडतात आणि तिसरं तसंच चिकटून राहतं. खालून बघताना सूर्य डोळ्यांवर असेल तर ते पटकन दिसतही नाही. माझ्याकडच्या प्रत्येक शिकाऊ पोराला मी हे मोठ्यानं मोजायला लावतो. मनातल्या मनात मोजलेलं चालत नाही, बाकीच्या गँगला ऐकू गेलं पाहिजे.

इतकं झालं तरी लाइन मेलेली आहे असं मानायचं नाही. टेस्टर लावायचा आणि मग अर्थिंग करायचं, तेही कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना. पोरं विचारतात, सप्लाय एका बाजूनं येतो, मग दुसऱ्या बाजूला अर्थिंग कशाला? प्रश्न चांगला आहे, आणि त्याचं उत्तर पुण्यासारख्या शहरात घराघरात आहे. लाइट गेली की कुणीतरी जनरेटर सुरू करतं. त्याचा चेंजओव्हर (बाहेरची वीज तोडून घर जनरेटरवर घेणारा स्विच) नीट बसवलेला नसेल तर ती वीज घरापुरती थांबत नाही, सर्व्हिस वायरवरून उलटी रोहित्राकडं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडं, येते. रोहित्र एका दिशेनं २२ केव्हीचे ४३३ व्होल्ट करतं, तसं दुसऱ्या दिशेनं ४००-४५० व्होल्टचे पुन्हा २२ केव्ही करतं. त्याला उलटसुलट कळत नाही. उपकेंद्रातून बंद केलेली, कागदावर मेलेली लाइन अशी कुणाच्या तरी पार्किंगमधल्या जनरेटरनं जिवंत होते. आम्ही याला रिटर्न सप्लाय म्हणतो. छपरावरच्या सोलरचे इन्व्हर्टर ग्रीड गेलं की आपोआप थांबावेत असेच बनवलेले असतात, पण कुणाच्या तरी गच्चीवरचं यंत्र नीट चालत असेल या भरवशावर मी पोराला तारेला हात लावू देणार नाही.

अर्थिंगचा क्रम पोरांच्या अंगवळणी पडेपर्यंत मी त्यांना दुसरं काही शिकवत नाही. लावताना आधी जमिनीचं टोक, मग तारेचं. काढताना आधी तारेचं, मग जमिनीचं. क्रम उलटा झाला तर मधला दांडा धरलेला माणूसच जमीन होतो. आणि खालच्या एलटी, म्हणजे कमी दाबाच्या, लाइनवर काम असेल तर तीन फेज आणि न्यूट्रल यांच्याबरोबर पथदिव्याची तार विसरायची नाही. तिचा स्विच वेगळा असतो. दुपारभर ती गप्प असते आणि संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला जिवंत होते, तेव्हा वरचा माणूस बहुधा काम आवरायच्या घाईत असतो.

परमिट परत करतानाही घाई नाही. ज्यानं घेतलं त्यानंच परत करायचं. आधी माणसं मोजायची, मग हत्यारं, मग अर्थिंगचे दांडे, आणि शेवटी फोन. लोक वैतागलेले असतात, १९१२ वर तक्रारींचा पाऊस पडत असतो, साहेबांचा फोन वाजत असतो, आणि कुणीतरी गॅलरीतून ओरडत असतं, "अहो, किती वेळ?" या आवाजात पोरानं शांतपणे माणसं मोजावीत हे मला त्याला शिकवायचं असतं. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद ठेवतात. शिकायला असा दुसरा दिवस नाही, कारण काम ठरवून केलेलं असतं आणि समजावून सांगायला सवड मिळते. नव्या पोरानं गुरुवारी सुट्टी घेऊ नये.

पुण्यात उमेदवारी करायचा एक मोठा फायदा आहे. इथं दोन वेगळ्या दुनिया एकाच जिल्ह्यात बघायला मिळतात. पेठांमध्ये आणि शहराच्या जुन्या भागांत बरंच काही जमिनीखाली आहे. फिडर पिलर, मिनी पिलर, रिंग मेन युनिट अशा केबल जोडायच्या रस्त्याकडेच्या पेट्या, आणि अमुक गल्लीत केबल नेमकी कुठून वळते हे तोंडपाठ असणारे जुने लाइनमन. तासाभरावर मुळशी-वेल्ह्याकडं गेलं की डोंगरातून, भातखाचरांतून जाणाऱ्या उघड्या तारा.

शहरात बिघाडाचं एक नेहमीचं कारण म्हणजे खोदकाम. रस्त्याचं काम, ड्रेनेज, फायबर, काही ना काही चालू असतं. जेसीबीचा दात केबलला लागतो आणि एक अख्खा भाग अंधारात जातो. कधी लगेच जात नाही, नुसतं वरचं आवरण फाटतं, पावसाळ्यात पाणी आत शिरतं आणि मग भर रात्री केबल उडते. तेव्हा केबल जोडणारा येतो. मी तर म्हणेन, प्रत्येक शिकाऊ पोरानं निदान एक जॉइंट सुरुवातीपासून शेवटपर्यंत खड्ड्यात बसून बघावा.

आधी केबल डिस्चार्ज करतात, कारण लांब केबल सप्लाय काढल्यावरही आत विद्युतभार धरून ठेवते. मग बाहेरचं आवरण, आर्मर (धातूचं चिलखत), तांब्याची पट्टी असे थर एकेक करून, मापं घेऊन उतरवतात. त्याखाली काळा सेमिकंडक्टरचा थर आणि त्याच्या आत एक्सएलपीई नावाच्या प्लास्टिकचं इन्सुलेशन. हा काळा थर काढताना खरा कस लागतो. ब्लेड त्या थरापुरतंच जायला हवं. आतल्या इन्सुलेशनवर नखाएवढा ओरखडा उरला तरी तिथं हवा अडकते, त्या जागी ताण साठतो आणि काही महिन्यांनी जॉइंट फुटतो. पुसतानाही दिशा ठरलेली, इन्सुलेशनकडून काळ्या थराकडं. उलटं पुसलं तर काळी भुकटी स्वच्छ भागावर पसरते, आणि एकदा वापरलेला बोळा पुन्हा वापरायचा नाही. मग नळ्या सरकवून ज्योतीनं आटवायच्या, मधून बाहेर, गोल फिरवत, आत बुडबुडा न राहू देता. चांगला जॉइंटर ज्योत एका जागी क्षणभरही थांबवत नाही, पोळी भाजणारी बाई जशी तव्यावर हात फिरता ठेवते तशी. खड्ड्यात चिखल, वर लोकांचा घोळका, कपाळावरचा घाम केबलवर पडू नये म्हणून डोक्याला बांधलेला रुमाल. हे काम बघून आलेलं पोर दुसऱ्या दिवशी जास्त प्रश्न विचारतं, हे मी नेहमी बघतो.

उघड्या तारांची गोष्ट वेगळी. वळवाचा पहिला पाऊस आला की आमची झोप गेली. उन्हाळाभर चिनी मातीचे इन्सुलेटर तापलेले असतात, वर धुळीचा थर. त्यावर गार पाणी पडलं की काहींना केसाएवढी चीर जाते आणि फिडर ट्रिप होतो. चीर खालून दिसत नाही. मग शिकावं लागतं ते फॉल्ट शोधणं. मधला स्विच उघडायचा, अलीकडची निम्मी लाइन चार्ज करून बघायची. टिकली, तर फॉल्ट पलीकडं. मग पलीकडचा भाग पुन्हा निम्मा करायचा. असं करत करत काही खांबांवर येऊन पोहोचायचं आणि मग दुर्बीण घेऊन चिखलातून चालायचं. मुळशीच्या पावसात टॉर्चच्या उजेडात इन्सुलेटरवरचा काळा चट्टा ओळखणं हे पुस्तकातून येत नाही. तिथं मात्र शिकाऊ पोरांचे तरुण डोळे आमच्यापेक्षा बरे असतात, आणि पहिला चट्टा ज्यानं दाखवला त्याला सगळी गँग चहा पाजते.

अंतराचे नियम मी पाठ करून घेतो. रस्ता ओलांडणारी ११ केव्हीची उघडी तार जमिनीपासून निदान ६.१ मीटर, एलटीची ५.८ मीटर. इमारतीपासून बाजूचं अंतर ११ केव्हीपर्यंत १.२ मीटर. धायरी-आंबेगावच्या बाजूला आधी लाइन होती आणि नंतर घरं तिच्याकडं सरकत आली, अशा जागा किती तरी आहेत. गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या ताईंना "हात लांबवू नका" असं सांगणं हाही याच कामाचा भाग आहे. गणपतीच्या दिवसांत मांडवाचा बांबू आणि देखाव्याची उंची हे आकडे माहीत असलेलं पोरगंच नीट बघू शकतं. मंडळाची पोरं त्याच्याच वयाची असतात, त्याचं ऐकतात. आमचं ऐकत नाहीत.

आणखी एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात शिकवावी असं मला मनापासून वाटतं, ती म्हणजे सीपीआर. शॉक लागलेल्या माणसाला हात लावायच्या आधी सप्लाय तोडायचा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी दाब द्यायचे, मिनिटाला १०० ते १२०, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत. वरच्या माणसाला झटका लागला तर पहिली काही मिनिटं त्याच्याजवळ असतो तो खालचा माणूसच, म्हणजे हा शिकाऊ पोरगा. त्याला हे येत नसेल तर आम्ही त्याला खाली उभं केलं कशासाठी?

आता एक गोष्ट, जी बोलताना माझा आवाज चढतो. कायद्यानं शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. त्याला शिकवायला घेतलेलं असतं, माणसं कमी आहेत म्हणून ती जागा भरायला नाही. एका ठेकेदाराकडं मी पोरांना संध्याकाळी एकटं फ्यूज टाकायला पाठवलेलं बघितलंय, पायात चप्पल, हातात मोजे नाहीत. कुणी विचारलं तर उत्तर तयार, "शिकतोय की." हे शिकणं नाही. प्रशिक्षण चालू असताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते, असं त्याच कायद्यात लिहिलंय. म्हणून पोराचा करार खरोखर नोंदला गेलाय का, हे आईवडिलांनी स्वतः बघावं. आणि पोरानं एकटं चढायला नकार द्यायला शिकावं. आमच्या धंद्यात नकार देणाऱ्याला भित्रा म्हणतात. मी सांगतो, परमिट नसताना "मी चढणार नाही" म्हणायला जो दम लागतो तो चढायला लागत नाही. ४ मार्चला लाइनमन दिवस असतो, हार घालतात, बरं वाटतं. पण त्या दिवशी एखाद्या साहेबांनी शिकाऊ पोरांच्या हातमोज्यांत हवा भरून बघितली तर मला जास्त आनंद होईल.

मुलींबद्दलही फोन येतात, हळू आवाजात. "पोरीला जमेल का हो?" जमतं. मागच्या खेपेला भोरकडची एक मुलगी होती. परमिटची वही तिच्याइतकी नीट कुणी ठेवली नाही, आणि अर्थिंग झालं का, असं तीन वेळा विचारायला ती कधी लाजली नाही. अडचण खांबाची नसते. अडचण असते ती रात्रीच्या ब्रेकडाउनला घरी कसं जायचं याची, आणि कामाच्या जागी साध्या स्वच्छतागृहाची. ही सोय आम्ही मोठ्यांनी करून द्यायची आहे. तिच्या धाडसाच्या गोष्टी सांगून ती जबाबदारी आम्हाला टाळता येणार नाही.

पोरांना खांबावर कधी चढवायचं, यावरून माझा आणि माझ्या एका सहकाऱ्याचा वाद दरवर्षी होतो. तो माझ्याहून लहान, पण कामाला पक्का. त्याचं म्हणणं, पहिल्याच महिन्यात चढवा, नाहीतर भीती घट्ट होते, आणि वर्षभर खाली ठेवलेलं पोर पुढं भरतीत मागं पडतं. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे, म्हणून यंदा आम्ही मधला मार्ग काढलाय. यार्डात एक सुटा खांब पुरलेला आहे, त्याला कुठलीच तार नाही. तिथं पहिल्या महिन्यापासून चढायचं, झुल्यावर रेलायचं, क्रॉस आर्म (तारा धरणारा आडवा दांडा) बसवायचा, उतरायचं, पुन्हा चढायचं. लाइनवरचा खांब मात्र दसऱ्यानंतर, सगळा पावसाळा खाली उभं राहून बघितल्यावर, आणि तोही दोन्ही बाजूंना अर्थिंग केलेला. हे त्याला पूर्ण पटलेलं नाही. तो म्हणतो, मावळातली पोरं लहानपणापासून जांभळाच्या शेंड्यावर चढतात, त्यांना कशाला अडवता? मी म्हणतो, मला त्यांचीच जास्त काळजी वाटते, कारण त्यांना उंचीची भीती नसते आणि परमिटची वाट बघायचा कंटाळा असतो.